मुद्देमालाच्या कपाटात पीं

मला फक्त बॅटरी किती उरली आहे तेवढं बघायचं होतं. पुढे जे झालं, म्हणजे भर दुपारी कोर्ट रिकामं करावं लागलं, हवालदार आंब्याच्या बुंध्यामागे लपला आणि माझ्यासारख्या केस पिकलेल्या वकिलाला न्यायालयाच्या खिडकीतून 'भावोजी' या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग ओरडून विचारावं लागलं, त्यातलं काहीही मी मुद्दाम केलेलं नाही. हे आधीच रेकॉर्डवर आणून ठेवतो.

लॅपटॉप मेहुण्याचा. म्हणजे माझ्या बायकोच्या, स्नेहलच्या, धाकट्या भावाचा. तो पुण्यात कॉम्प्युटरमध्ये असतो. कॉम्प्युटरमध्ये नक्की काय करतो हे मी त्याला दर दिवाळीला विचारतो आणि तो दर दिवाळीला सांगतो. दोघांच्याही चिकाटीला तोड नाही. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात त्याने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना माझ्या पदरात टाकला. "भावोजी, हल्ली सगळे वकील लॅपटॉप वापरतात," म्हणाला. महाडच्या बारमध्ये तेव्हा एकाकडेही नव्हता. म्हणूनच तर मी घेतला.

"यात लिनक्स टाकलंय," तो म्हणाला. "व्हायरसची भीती नाही."

का नाही ते मला हळूहळू कळलं. त्या यंत्रात खुद्द मालकालाच शिरता येत नव्हतं, तिथे व्हायरसची काय कथा. फोटो वगैरे माऊसने बघता येत. पण बॅटरी किती आहे, पडद्याचा उजेड कमी कसा करायचा, आतला पंखा का घुमतोय, असलं काही विचारायचं झालं की काळा पडदा उघडायचा आणि इंग्रजीत टाइप करून विनंती करायची. विनंती केली की यंत्र म्हणायचं, परवानगी नाही. हे मात्र मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमचं आयुष्य कचेऱ्यांमध्ये गेलंय. मेहुण्याने तोडही सांगून ठेवली होती: त्याच विनंतीच्या आधी 'सुडो' असा शब्द लिहायचा, म्हणजे हे काम साहेबांच्या अधिकारात चाललंय असं यंत्राला कळतं. मग ते पासवर्ड विचारतं आणि मघाशी नाकारलेलं काम मान खाली घालून करतं. इतका वास्तववादी कारभार मी दुसऱ्या कुठल्या यंत्रात पाहिलेला नाही.

खरी पंचाईत बॅटरीची होती. त्या वर्षी वीज येण्यापेक्षा जाण्यासाठीच प्रसिद्ध होती. आणि ही बॅटरी अशी, की पूर्ण चार्ज करून मी अर्जाचा मायना टाइप करेपर्यंत ती मान टाकायची.

शेजारचे नासिरभाई ट्रान्सपोर्टवाले. त्यांचे चार ट्रक गोव्यापर्यंत जातात, त्यामुळे बॅटरी या विषयावर गल्लीत त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी लॅपटॉप उलटा करून खालून हात लावून बघितला. "वकीलसाहेब, हे तर सवचे गरम पाण्याचे झरे आहेत. अंडी उकडतील याच्यावर. बॅटरी काढा, रात्रभर स्लो चार्जिंगला लावू. आणि पाणी कधी बदललंत?"

याला पाणी नसतं, असं मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिलं ती मी विसरलेलो नाही. समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी बॅटरी फ्रीजमध्ये ठेवायला सांगितली. थंडाव्यात तिची ताकद टिकते म्हणे. ती दोन दिवस कोथिंबिरीच्या जुडीशेजारी राहिली. ताकदीत फरक पडला नाही, मात्र पुढचा आठवडाभर लॅपटॉप तापला की चटणीचा वास यायचा. स्नेहल म्हणाली, "निदान काहीतरी उपयोग झाला त्याचा."

शेवटी नासिरभाईंची सून मदतीला आली. अफशा बाजारपेठेत कॉम्प्युटर क्लास चालवते. तिने काळा पडदा उघडून काहीतरी टाइप केलं आणि बॅटरीची सगळी कुंडलीच समोर आली. कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात किती मावत होतं आणि आता किती मावतं, दोन्ही.

"काका, हिच्यात आता पूर्वीचा तिसरा हिस्सासुद्धा राहिला नाही," अफशा म्हणाली. "शंभर टक्के असं दाखवते, पण ते शंभर आताचे. तरुणपणचे नाहीत."

हे ऐकून स्नेहलने माझ्याकडे बघायची काहीच गरज नव्हती.

अफशाने मला एक शब्द शिकवला. ए, सी, पी, आय. एवढं लिहिलं की किती टक्के उरले आणि किती वेळ चालेल ते कळतं. त्याच्या आधी 'वॉच' लिहिलं की तोच आकडा डोळ्यांसमोर आपोआप उतरत राहतो. उजेड कमी करायची आज्ञाही तिने दिली. "आणि तुमच्या मेहुण्यांनी यात एक अलार्म लावून ठेवलाय," ती म्हणाली. "बॅटरी पाव राहिली की वाजायला लागेल. मध्ये मध्ये. चार्जिंगला लावेपर्यंत."

"आवाज कमी करायचं बटण आहे की," मी म्हणालो.

"त्याने नाही होणार, काका. तो स्पीकरचा आवाज नाही. आत वेगळा बारका भोंगा असतो." तिने भोंगा बंद करायची आज्ञाही सांगितली. मी मान डोलावली. मान डोलावणं आणि लक्षात ठेवणं यांचा संबंध नसतो, हे मी इतकी वर्षं अशिलांना सांगत आलोय.

आता खटल्याकडे येतो. माझा अशील हैबती. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याची वाडी. हैबतीचं घर वर, पाण्याचा झरा खाली आणि मध्ये सख्ख्या धाकट्या भावाचं, गोमाजीचं शेत. वाट त्या शेताच्या कडेने बापजाद्यांपासूनची. मागच्या वर्षी फणसाच्या एका फांदीवरून दोघांचं वाजलं आणि गोमाजीने वाटेवर काट्याची कूड घातली. तेव्हापासून हैबतीची बायको बनुबाई हंडे घेऊन टेकाडाला वळसा घालून झऱ्यावर जात होती. उन्हाळ्यात एक वेळ ठीक. पावसाळ्यात त्या वळशाच्या वाटेचा ओढा होतो. पावसाच्या आत कूड निघाली नाही तर वरच्या घराला पाणी कुठून, हा प्रश्न होता, आणि तो कलमांचा नव्हता.

मी स्वतः वर जाऊन फोटो काढले होते. वाटेचे, कुडीचे, वळशाचे. शेवटचा फोटो आकाशाचा आला, कारण तो घेताना मी घसरलो. हे सगळे फोटो लॅपटॉपवर घेऊन न्यायाधीशसाहेबांसमोर दाखवायचे आणि तात्पुरत्या मनाईचा हुकूम घ्यायचा, असा बेत. महाडच्या वकिलीच्या इतिहासात असा पुरावा पहिलाच. त्या दिवशी मी कोटाला इस्त्रीसुद्धा दोनदा करून घेतली.

कोर्टात पोचलो तर वीज गेलेली. पंखे थांबलेले, साहेब आधीच घामाघूम. आमचे साहेब माणूस सरळ, पण आवाजाचं त्यांना वावडं. दारावर पाटीच होती: न्यायदालनात वाजणारी वस्तू जप्त केली जाईल. मोबाईलसाठी होती ती. पण मसुदा ढिला असला की त्यात कुणीही सापडतं.

समोर कानडे वकील. गोमाजीचे. त्यांनी लॅपटॉपकडे बघून विचारलं, "डबा आणलात वाटतं? घरून?"

मी लॅपटॉप उघडला, फोटो लावला. उघड्या खिडकीतल्या उन्हात साहेबांना काही दिसेना, म्हणून उजेड पुरता वाढवला. उजेड वाढवला की बॅटरी किती झपाट्याने जाते हे मला पाठ होतं. पण बाजू भरात आली होती. "साहेब, ही ती वाट," मी म्हणालो. "आणि ही ती कूड. आता ज्या वळशाने माझ्या अशिलाच्या पत्नीला..."

पीं.

साहेबांनी चष्मा काढला. "कुणाचा मोबाईल?"

सगळ्यांनी आपापले खिसे चाचपले. मीही चाचपले, एवढं नाटक करण्याइतकं भान मला होतं. बॅटरी किती उरली ते बघावं म्हणून मी काळा पडदा उघडायला गेलो, तेवढ्यात पुन्हा पीं. मी झटकन झाकण मिटलं. बाकीच्यांचे लॅपटॉप झाकण मिटलं की झोपतात. आमचा आतून वाजत राहिला.

"वकीलसाहेब," साहेब शांतपणे म्हणाले, आणि ते शांत झाले की आम्ही सगळे घाबरतो. "पाटी वाचलीत ना? जप्त. सुनावणी जेवणाच्या सुट्टीनंतर, फोटोंशिवाय."

मुद्देमालाचे कारकून खेडेकर पुढे आले. खेडेकरांच्या हातून आजवर एक टाचणी नियमाबाहेर गेलेली नाही. त्यांनी लॅपटॉप कापडात गुंडाळला, लाखेने सील केला, लोखंडी कपाटात कोयता, हातभट्टीचा कॅन आणि चोरीची सायकल-चेन यांच्या शेजारी ठेवला आणि कपाटाला कुलूप घालून त्यावरही सील मारलं.

मी बाहेर जाऊन चहा घेतला. बनुबाई व्हरांड्यात पाय लांब करून बसली होती. गुडघा धरून. "झाला काय हुकूम?" तिने विचारलं. मी म्हणालो, सुट्टीनंतर. ती पुन्हा गुडघा चोळायला लागली. त्याचा मला जास्त त्रास झाला.

आणि तेवढ्यात आतून आरडाओरडा झाला.

झालं असं, की एक बेलिफ समन्स बजावून नुकताच परत आला होता. जप्तीचं त्याला काही ठाऊक नव्हतं. तो रिकाम्या खोलीत कपाटाला टेकून भाकरी सोडत होता, आणि त्याच्या पाठीत, लोखंडाच्या आतून, पीं झालं. बेवारस वस्तूंपासून सावध राहा, असं पोस्टर नेमकं त्याच्या समोर होतं. तो जो उठला, तो 'बॉम' एवढा अर्धाच शब्द उच्चारत थेट फाटकापर्यंत गेला. उरलेलं अक्षर लोकांनी आपापलं लावून घेतलं.

दोन मिनिटांत कोर्ट आवारातल्या आंब्याखाली. पक्षकार, साक्षीदार, टायपिस्ट, कानडे वकील, खुद्द साहेब. मी एकटा गर्दीच्या उलट दिशेने आत धावत होतो आणि दारात हवालदाराने मला अडवलं.

"अहो, तो माझा लॅपटॉप आहे!"

"कशावरून?"

"आवाजावरून."

"साहेब, आवाज काय, सगळ्यांचा सारखाच असतो."

मी आंब्याखाली साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, मग बंद करून या. खेडेकर म्हणाले, सील मोडायला लेखी हुकूम लागेल. साहेबांनी कुणाच्या तरी वर्तमानपत्राच्या कडेवर हुकूम लिहिला. खेडेकरांनी तो वाचला आणि अदबीने सांगितलं, "यावर कोर्टाचा शिक्का पाहिजे, साहेब."

"मग मारा की!"

"शिक्का कपाटात आहे."

साहेबांनी त्यानंतर जे उद्गार काढले ते रेकॉर्डवर नाहीत. खेडेकरांनी किल्ली दिली.

आत मी आणि हवालदार, दोघेच. हवालदार खिडकीबाहेरून, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या मी एकटाच. मी कुलूप उघडलं, कापड फाडलं, झाकण उघडलं. पीं.

"मी बटण दाबून बंदच करतो," मी म्हणालो.

"बटण दाबायचं नाय!" हवालदार ओरडला. "बटण दाबलं की उडतं. आणि काही उपसायचं पण नाय. काय करायचं ते लिहून करा."

या माणसाने आयुष्यात लॅपटॉप पाहिला नव्हता, पण तो खाकीत होता, आणि घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याचा अधिकार फार चटकन पटतो. मी काळा पडदा उघडला. आधी बॅटरी बघावी म्हणून सवयीने 'वॉच' आणि ते चार अक्षरांचं लिहिलं. पडद्यावर आकडे आले. उरलेला वेळ, मिनिटं, सेकंद. आणि ते उतरायला लागले.

हवालदाराने खिडकीतून वाकून पाहिलं. इंग्रजी त्याला बेताचं येत होतं, पण आकडे सगळ्यांना येतात.

"साहेब, उलटे चाललेत! उलटे चाललेत!" आणि तो आंब्याच्या बुंध्यामागे गेला. त्याच्यामागे सगळी गर्दी फाटकाकडे सरकली.

मी अफशाला फोन लावला. तिचा क्लास चालू होता. मागे पोरं एकसुरात काहीतरी म्हणत होती.

"काका, सांगितलं होतं ना. आर, एम, एम, ओ, डी. जागा सोडा. मग पी, सी, एस, पी, के, आर."

मी लिहिलं. यंत्र म्हणालं, परवानगी नाही.

"आधी सुडो, काका!"

लिहिलं. यंत्राने पासवर्ड मागितला. तो मेहुण्याने ठेवलेला: 'भावोजी'. मला आदराची खूण म्हणून. पण इंग्रजीत कसा लिहायचा? घरी हा पासवर्ड नेहमी स्नेहल घालायची. मी व्ही घालून पाहिला. चूक. ओ घालून पाहिला. चूक. टाइप करताना पडद्यावर एक ठिपकाही उमटत नाही, त्यामुळे आपण लिहितोय की नुसतीच बोटं बडवतोय हेही कळत नाही. पीं.

मी घरी फोन लावला. खोलीत रेंज जेमतेम, म्हणून खिडकीत गेलो.

"स्नेहल! भावोजीत व्ही आहे की यू?"

"काय?"

"भावोजी! भावोजीचं स्पेलिंग!"

फाटकापर्यंत गेलेली माणसं थांबली. एवढ्या लोकांसमोर, घामाने भिजलेला, गळ्यातले पांढरे बँड मानेमागे गेलेला एक वकील मृत्यूच्या दारात उभा राहून बायकोला भावोजी विचारतोय, हे दृश्य त्यांना कसं दिसलं असेल याचा विचार मी नंतर पुष्कळ केला.

"बी, एच, ए, यू, जे, आय," स्नेहल म्हणाली. "भाऊजी. त्याला भावोजी लिहायचा कंटाळा आला होता. तुम्ही कुठे आहात?"

मी टाइप केलं. एंटर. यंत्र काही बोललं नाही. ही त्याची पद्धत: नाही म्हणायचं असलं की ओळभर बोलायचं, काम झालं की गप्प. मी थांबलो. पुन्हा थांबलो. पीं झालं नाही.

"झालं!" मी अफशाला परत फोन करून ओरडलो. "बंद झालं!"

"छान, काका. तसं नसतं केलं तरी दहा मिनिटांत बॅटरी संपून आपोआपच झालं असतं."

मी तिला धन्यवाद दिले आणि फोन ठेवला. मग बँड सरळ केले, कोट झटकला आणि पायऱ्यांवर येऊन उभा राहिलो. अशा वेळी माणसाला थोडी अपेक्षा असते. टाळ्यांची नाही म्हणत मी. पण कुणीतरी बघावं.

कुणीही बघत नव्हतं. सगळे आंब्याखाली गोल करून उभे होते.

मी रेटारेटी करत पुढे गेलो. मध्ये पारावर बनुबाई बसली होती आणि तिच्या पायाशी गोमाजी. नंतर कळलं ते असं: ओरडा झाला तेव्हा सगळे पळाले. बनुबाईला उठता येईना. हैबती तिला ओढायला लागला, तर ती कळवळून खालीच बसली. तेव्हा पुढे गेलेला गोमाजी मागे वळला, कुणाला काही न विचारता भावजयीला पाठंगुळीला घेतलं आणि पायऱ्या उतरून आंब्याखाली आणून ठेवलं. मग त्याला तो गुडघा दिसला.

"एवढा सुजलाय, वयनी," गोमाजी म्हणत होता. "मला कुणी बोललं कसं नाय?"

"बोलू कुठून?" बनुबाई म्हणाली. "तू कूड घातलीस. बोलायला येयाची वाट तीच होती ना रे."

गोमाजी खाली बघत राहिला. हैबती बाजूला टोपी हातात घेऊन उभा. कानडे वकील घसा खाकरून म्हणाले, "माझ्या अशिलाचं म्हणणं असं आहे की..."

"तुमी गप बसा जरा," त्यांचा अशील म्हणाला. मग हैबतीकडे न बघता म्हणाला, "कूड उद्या काढतो. तुझी फांदी मात्र तू तोड. माझ्या भातावर सावली पडते."

"आजच तोडतो," हैबती म्हणाला. "आणि फणस तुला."

"फणस अर्धा अर्धा," बनुबाईने निकाल दिला.

साहेब हे सगळं आंब्याला टेकून ऐकत होते. त्यांनी आम्हा दोन्ही वकिलांकडे आळीपाळीने पाहिलं. "तडजोडीची पुरसीस लिहून द्या," म्हणाले. "हातानेच लिहा." शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. मी आणि कानडे एकाच बाकावर बसून दोन्ही बाजूंच्या सह्यांचा तो कागद लिहिला. वर्षभर एकमेकांची लक्तरं काढणारे आम्ही दोघे त्या दिवशी एकाच दुःखात होतो. त्यांनी स्वतःहून मला शाई झटकायला कागद दिला.

लॅपटॉप परत मिळवायला आणखी आठवडा गेला. अर्जात वस्तूचं वर्णन द्यायचं असतं. माझ्या 'रंग काळा' या शब्दांपुढे खेडेकरांनी स्वतःच्या हाताने 'आवाज: करते' असं लिहून घेतलं. बॅटरी आता नवी घ्यायची, हे मात्र स्नेहलने पहिल्यांदाच माझ्याशी वाद न घालता मान्य केलं.

पाऊस सुरू व्हायच्या आत मी एकदा वर जाऊन आलो. कूड निघाली होती. बनुबाईने फणसाचे गरे दिले आणि, वकिलीबद्दल एक अक्षर न काढता, माझ्या वाजणाऱ्या डब्याची चौकशी केली. त्याची गोष्ट वाडीभर पसरलेली होती. डब्याने तीनदा शिट्टी मारली आणि भाऊ भावाशी बोलला, अशी ती गोष्ट झाली होती. मी त्यात कुठेच नव्हतो.

आषाढात एका सकाळी मी आत दाढी करत होतो. दारात कुणीतरी आलं. हैबतीच्या शेजारच्या वाडीचा कोंडाजी. पुतण्याबरोबर बांधावरून त्याचं भांडण चाललेलं. तो इरलं झटकत विचारत होता, वकिलांचं घर हेच काय?

"हेच," स्नेहल म्हणाली. "आहेत घरात. बोलावते."

"आणि तो डबा?"

"तो चार्जिंगला लावलाय."

"मग बसतो," कोंडाजी म्हणाला.